बॉक्सिंग डेचे तीन पॉइंट

धुक्यामुळं एकाहत्तराव्या मिनिटाला थांबवलेली मॅच झाली म्हणायची की नाही? आधी उत्तर द्या, मग पुढं वाचा. बावीस माणसं धावली, घामाघूम झाली, एक गोल झाला. मटणाच्या पाई संपल्या, रॅफलच्या सोडतीचा नंबर निघाला, रेफरी प्रवासखर्च खिशात घालून घरी गेला. आता सांगा. 'झाली' म्हणालात तर तुम्ही ग्लेनिस ओल्डरॉइडच्या पंगतीला बसलात. 'नाही' म्हणालात तर एकतर तुम्ही लीगच्या ऑफिसात काम करता, नाहीतर ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी आधीच सांगितलीय.

ग्लेनिस रॅस्किल टाऊन फुटबॉल क्लबची सेक्रेटरी होती. एकतीस वर्षं, बिनपगारी. बुटकी, करड्या कोटातली, त्रेसष्ट वर्षांची बाई. खांद्याला पर्स आणि पर्समध्ये लीगच्या नियमांचं लाल पुस्तक. आधी ती गावातल्या लोकरीच्या मिलमध्ये पगारपत्रकं करायची. मिल बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी रडून घेतलं, हिनं दुसऱ्या दिवसापासून क्लबचं काम वाढवून घेतलं. कुठला खेळाडू कुठल्या तारखेला नोंदवला, रेफरीला स्टेशनवरून कोण आणणार, पाहुण्यांचे मोजे आमच्यासारखे निळे निघाले तर काय करायचं, सकाळी आठ वाजता मैदान खेळण्याजोगं आहे का, हे सगळं तिच्या डोक्यात. मॅच संपली की पंधरा मिनिटांच्या आत लीगला फोन करून निकाल सांगायचा, हेही तिचंच काम. एकतीस वर्षांत तिनं एक तरी मॅच पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिली असेल, तर मी मिशी काढून देईन.

आमची पेनाईन काउंटीज लीग म्हणजे टीव्हीवर दिसतं ते फुटबॉल नव्हे. आमचा गोलकीपर शाळेत शिपाई होता, मधल्या फळीतले दोघं एकाच गोदामात पाळीनं कामाला. मंगळवार-गुरुवार सराव, शनिवारी मॅच, आणि मॅचचे जे पैसे मिळत ते पेट्रोल आणि बिअर यांतच जात. लीगमध्ये वीस क्लब, जिंकलं की तीन पॉइंट, बरोबरीला एक. सगळ्यात खालचे दोन दरवर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये जायचे. ग्लेनिसच्या काळात रॅस्किल वर कधी गेलं नाही, पण खालीही गेलं नाही. यालाच आम्ही क्लबचा इतिहास म्हणायचो, आणि ग्लेनिस तो इतिहास शाळेच्या वह्यांमध्ये ठेवायची. एका मॅचला एक ओळ. तारीख, समोरची टीम, निकाल, किती माणसं आली, हवा कशी होती.

मी तेव्हा बस चालवायचो आणि क्लबच्या कमिटीवर होतो. कौन्सिलनं मैदान विकायला काढलं होतं तेव्हा दारोदार फिरून चार हजार सह्या मी गोळा केल्या होत्या. क्लब माझ्यामुळं वाचला असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं मी जे बोललो ते कुठल्या तोऱ्यात बोललो ते तुम्हाला कळावं.

गोष्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सीझनची.

ऑगस्टमध्ये सुरुवात बरी झाली आणि ऑक्टोबरपर्यंत बिघडली. गोल करणारा एकच माणूस होता, कार्ल मिज्ली. धंद्यानं छपरं शाकारणारा. पाय सोन्याचे आणि डोकं सुक्या गवताचं, काडी लावायचा अवकाश. बारा नोव्हेंबरला आम्ही होमबेकला खेळायला गेलो. होमबेक म्हणजे डोंगराच्या पलीकडचं गाव, चार मैलांवर. आपला तो बाब्या आणि होमबेकचं ते कार्टं, हे आमच्याकडं आईच्या दुधाबरोबर पाजतात. तिथल्या एका डिफेंडरनं कार्लच्या आईबद्दल काहीतरी म्हटलं आणि कार्लनं त्याच्या कपाळावर कपाळ आपटलं. लाल कार्ड. तीन मॅचची बंदी.

मैदानाबाहेर येताना त्याला ग्लेनिस भेटली. आई तर तुझी मजेत आहे, सकाळीच मला बेकरीत दिसली, एवढंच ती म्हणाली आणि वहीत कार्डाची वेळ लिहून घेतली.

बंदी लगेच लागू होत नाही, आधी कागद फिरतात. डिसेंबरपासून लागू झाली. तीन तारखेला पहिली मॅच, बाहेरगावी, हरलो. ग्लेनिसनं वहीत कार्लच्या नावापुढं एक टिक केली.

दहा तारखेला विटमूर आमच्याकडं आलं. दुपारी अडीचपर्यंत हवा स्वच्छ होती. मग वरच्या माळावरून धुकं उतरायला लागलं. हाफटाइमला अजून दोन्ही गोलपोस्ट दिसत होते. त्यानंतर एक दिसेना. लाइन्समनचं पिवळं निशाण हवेत हललेलं दिसायचं, लाइन्समन दिसायचा नाही. आम्ही एक गोल खाल्ला तो कुणी मारला हे पाहुण्यांनी सांगितलं म्हणून कळलं. एकाहत्तराव्या मिनिटाला रेफरीनं दोन्ही कॅप्टनना बोलावलं आणि मॅच सोडून दिली. ती नंतर पहिल्यापासून खेळायची होती.

आमच्या लोकांनी हे आनंदानं घेतलं, कारण आम्ही हरत होतो. क्लबहाऊसमध्ये रॅफल झालं. आमच्या रॅफलचं बक्षीस म्हणजे खाटकानं दिलेला मांसाचा ट्रे, चॉप, सॉसेज आणि वर डुकराचं काळीज. तो ट्रे त्या दिवशी मलाच लागला, म्हणून ती तारीख माझ्या पक्की लक्षात आहे. ग्लेनिसनं वहीत ओळ लिहिली: विटमूर, घरी, शहाण्णव माणसं, धुकं. आणि कार्लच्या नावापुढं दुसरी टिक केली.

चूक ती इथं. एवढीच. माणसं आली, तिकिटं फाटली, पाई संपल्या, रॅफल निघालं, म्हणजे शनिवार झाला. आणि शनिवार झाला म्हणजे मॅच झाली. एकतीस वर्षांत तिच्या हातून अशी मोजणी एकदाही फसली नव्हती, कारण एकतीस वर्षांत बंदी चालू असताना अर्धवट सुटलेली मॅच आली नव्हती.

सतरा तारखेला घरी बरोबरी. तिसरी टिक.

वीस तारखेला कार्लचा तिला फोन आला. कुठल्याशा छपरावरून उतरून दुकानातल्या फोनवरून बोलत होता. बॉक्सिंग डेला मी मोकळा आहे ना, मिसेस ओ, असं त्यानं विचारलं. सगळे खेळाडू तिला मिसेस ओ म्हणायचे. तिनं वही उघडली, तीन टिका मोजल्या, आणि खेळ बाबा पण कपाळ घरी ठेवून ये, असं सांगितलं.

बॉक्सिंग डेला, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडं शेजारच्या गावांशीच मॅच ठेवतात, म्हणजे ख्रिसमसचं जेवण पोटात असताना लांबचा प्रवास नको. त्या वर्षी होमबेक आमच्याकडं येणार होतं. चारशेबारा माणसं. एरवी दीडशे आली तर आम्ही हात चोळतो. मॅचच्या आधी दोन्ही क्लबचे सेक्रेटरी एकमेकांना टीमची यादी देतात. होमबेकचा सेक्रेटरी लायोनेल क्रॅबट्री, पोस्टातून रिटायर झालेला, ग्लेनिसला वीस वर्षं ओळखणारा. त्यानं यादी वाचली, कार्लच्या नावावर बोट ठेवलं. मी तिथंच उभा होतो.

"याच्या तीन झाल्या?" त्यानं विचारलं.

"झाल्या."

"तू म्हणतेस म्हणजे झाल्या," लायोनेल म्हणाला, आणि यादी खिशात घातली.

कार्लनं दोन गोल मारले. दुसरा शहाऐंशीव्या मिनिटाला, उतारावरून खाली पळत येऊन. आमच्या मैदानाला उतार आहे, पाहुण्यांना तो सोसत नाही. दोन-एक. म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. अध्यक्ष क्लिफ बिन्स, ज्यानं गालिचांच्या दुकानात कधी कुणाला इंचभर कापड फुकट दिलं नाही, त्यानं सगळ्यांना एकेक ग्लास पाजला. पुढं जानेवारीभर गावात कुणी भेटलं की हवापाण्याच्या आधी तो दुसरा गोल बोलायचा.

त्यानंतर आम्ही धड खेळलो नाही, पण ते तीन पॉइंट हाताशी होते. मार्चच्या मध्यावर वीस क्लबांत आम्ही पंधरावे. छत्तीस पॉइंट. काठावर, पण कोरडे.

लीग दर महिन्याला सगळ्या क्लबना एक पत्रक पाठवायची. सायक्लोस्टाइल केलेली चार पानं. ते साऱ्या लीगमध्ये पूर्ण वाचणारी एकच व्यक्ती होती. मार्चचं पत्रक एका गुरुवारी आलं. तिसऱ्या पानावर दूरच्या कुठल्यातरी क्लबची बातमी होती, नोंदणी न झालेला खेळाडू खेळवला म्हणून तीन पॉइंट कापले. ग्लेनिस त्या क्लबच्या सेक्रेटरीला मनातल्या मनात हसली, हे तिनं मला नंतर स्वतः सांगितलं. त्याच्याच खाली सर्वांसाठी एक आठवण होती: बंदी मोजताना फक्त पूर्ण झालेल्या मॅच धराव्यात, अर्धवट सोडलेली मॅच धरू नये.

ती उठली, कपाटातून वही काढली, धुक्याची ओळ शोधली. मग पुन्हा बसली.

म्हणजे कार्लची तिसरी मॅच बॉक्सिंग डेची होती. तो तेव्हा बाहेर बसायला हवा होता.

तिचा नवरा आर्नल्ड परसात होता. शर्यतीची कबुतरं पाळायचा. फुटबॉलची मॅच त्यानं जन्मात पाहिली नव्हती आणि त्याबद्दल त्याला खेदही नव्हता. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातलं कबुतर फिरवून त्याचा पंख तपासला आणि म्हणाला, पत्र उद्या दुपारच्या आत टाक, शनिवारची पेटी सोमवारपर्यंत कुणी उघडत नाही. पत्र पाठवायचं की नाही हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

तिला पडला. शुक्रवारी सकाळी ती क्लिफच्या दुकानात गेली. क्लिफ गुडघ्यांवर बसून एका गिऱ्हाइकाचा गालिचा कापत होता. त्यानं गिऱ्हाईक घालवलं, दार लावलं, आणि ऐकून घेतलं. त्यानं आरडाओरडा केला नाही. आणखी कुणाला माहीत आहे, असं विचारलं. तू, मी आणि आर्नल्ड, ती म्हणाली. आर्नल्डची काळजी नाही, तो कबुतरांशीच बोलतो, असं म्हणून क्लिफनं तिला समजावलं. लीगला कळलेलं नाही. होमबेकला कळलेलं नाही. तीन महिने झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायला आपल्याला कुणी सांगितलंय? तीन पॉइंट गेले तर तेहेतीस राहतील, आपण सतराव्या नंबरावर जाऊ, आणि पुढच्या आठ मॅच कुणाशी आहेत ते तू बघ. तुझ्या एका टिकेसाठी सगळं गाव खाली घालणार का?

तिनं बघितलं होतं. आठांतल्या पाच मॅच वरच्या टीमशी होत्या.

सोमवारी संध्याकाळी कमिटी बसली. आम्ही सात जण. क्लिफनं विषय मांडला, ग्लेनिसनं वही टेबलावर ठेवली, आणि सगळे त्या शहाण्णव माणसांच्या ओळीकडं बघत बसले. मग एकेकाला तोंड फुटलं. खजिनदार म्हणाला, मला विचार करायला वेळ हवा. बाकी पाच जण गप्प बसावं या मताचे. मी त्या पाचांत होतो. नुसता होतो असं नाही, सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. मी म्हणालो, लीगच्या ऑफिसातली माणसं उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांचा नियम त्यांना लखलाभ. मॅच शहाण्णव माणसांनी पाहिली, धुक्यात का होईना. पैसे देऊन पाहिली. कौन्सिलच्या पायऱ्यांवर उभं राहून खरं बोला खरं बोला म्हणून मी दोन वर्षं ओरडलो होतो, ते त्या वेळी मला आठवलं नाही.

क्लिफ म्हणाला, मग मत घेऊ.

"मत घ्यायचं कारण नाही," ग्लेनिस म्हणाली. "पत्र शुक्रवारी टाकलंय."

क्लिफचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

"मग ही मीटिंग कशाला बोलावलीस, बाई?"

"इतिवृत्तात नोंद हवी म्हणून."

आणि तिनं खरंच नोंद केली. सहा जणांची नावं, कोण काय म्हणालं ते, माझं उंटाचं बोलणंसुद्धा. ते इतिवृत्त अजून आहे.

मी तिच्यामागून बाहेर पडलो. बसस्टॉपपर्यंत तिला बोलत गेलो, म्हणजे बडबडत गेलो. तुला मोठेपणा हवाय, तुला लीगकडून शाबासकी हवीय, एकतीस वर्षांची वही डागाळली म्हणून तू क्लब बुडवायला निघालीस, असं काय काय. तिनं बस येईपर्यंत ऐकून घेतलं. बस आली, ड्रायव्हर माझ्या ओळखीचा, त्यानं दार उघडं धरलं. पायरीवर चढून ती वळली.

"लायोनेलनं मला तोंडावर विचारलं होतं," ती म्हणाली. "मी झाल्या म्हणाले. त्यानं मोजून बघितलं नाही."

दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी तिनं कार्लला बाजूला घेतलं. तो चिडेल, काहीतरी फोडेल, म्हणून दोघं-तिघं जवळपास उभे होते. तो खाली बघत बुटानं चिखल उकरत राहिला. मग त्यानं विचारलं की माझे ते दोन गोल जाणार का. गोल राहतात, ती म्हणाली, गोल तुझ्या नावावर राहतील, पॉइंट फक्त क्लबचे जातील. कार्लनं बूट गवतावर पुसला. मग बरं, म्हणाला, आणि पळायला गेला. या सगळ्या प्रकरणात तिच्याशी सरळ बोललेला तो एकटा.

लीगची सुनावणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली, एका क्रिकेट क्लबच्या खोलीत. क्लिफ आला नाही, दुकानात माल यायचा होता म्हणे. मी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही, गाडी कुणीतरी चालवायला हवी होती. टेबलामागं तीन माणसं, तिघांच्या कोटांवर लीगचा बिल्ला. मधल्यानं कागद चाळले.

"तक्रार कुणाची आहे?"

"माझी," ग्लेनिस म्हणाली.

"तुमच्याच क्लबविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध. वही माझी आहे."

लायोनेल क्रॅबट्रीचं एक पत्र फायलीत होतं. मधल्यानं ते वाचून दाखवलं. होमबेकला पॉइंट नकोत, रॅस्किलचेही कापू नयेत, ती मॅच आमची टीम अकरा धडधाकट माणसांनिशी हरली, असं त्यानं लिहिलं होतं. होमबेकच्या माणसानं आमच्या बाजूनं काही लिहिलेलं मी जन्मात एकदाच पाहिलं. त्याचा उपयोग झाला नाही. नियमाप्रमाणं तीन पॉइंट कापले. मधला माणूस म्हणाला की तुम्ही आपणहून सांगितलंत याची आम्ही नोंद घेतो. नोंदीचे पॉइंट मिळत नाहीत.

परत येताना चाळीस मिनिटं मी गाडी चालवली. तिनं पर्समधून पेपरमिंट काढली, मला एक दिली, स्वतः एक खाल्ली.

गावानं काय केलं ते सांगतो. कुणी तिच्या दारावर काही फेकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. आमच्याकडं तसं करत नाहीत. आमच्याकडं बोलायचं थांबतात. बेकरीच्या रांगेत ती आली की बोलणं हवेवर जायचं. शनिवारी पाई विकणाऱ्या बायका तिला कपात चहा द्यायच्या आणि लगेच दुसरीकडं बघायच्या. क्लिफ तिच्याशी चिठ्ठ्यांनी बोलायला लागला. ती रेफरीला स्टेशनवरून आणवत होती, मोज्यांचे रंग विचारत होती, सकाळी आठला मैदान बघत होती. एकही काम तिनं मिनिटभर उशिरा केलं नाही, आणि त्याचाही लोकांना राग यायचा. मलाही यायचा.

टीम मात्र मरमर खेळली. वरच्या नंबरावरच्या एका क्लबला आम्ही त्यांच्या घरी हरवलं. मग दोन हरलो, तीन बरोबरीत सोडवल्या, पुन्हा एक हरलो. सहा मेला शेवटची मॅच उरली तेव्हा चित्र सरळ होतं. आमचे एकोणचाळीस पॉइंट, नंबर अठरावा. आमच्या खाली कॉर्नली, अडतीस. विसावा क्लब कधीच बुडाला होता. आम्ही जिंकलो तर राहिलो. बरोबरी झाली आणि कॉर्नली जिंकलं तर गेलो. ते तीन पॉइंट असते तर त्या शनिवारी आम्ही हात खिशात घालून मॅच बघितली असती. हे हिशेब मैदानावरच्या प्रत्येक माणसाला पाठ होते.

समोर पुन्हा विटमूरच होतं. लीगचं वेळापत्रक पार बिघडलं होतं, धुक्यातली ती मॅच फेब्रुवारीतही पावसानं पुढं गेली होती, ती आता शेवटी आली. लोकांना यात दैवाचा हात दिसला. मला वेळापत्रक करणाऱ्याचा आळस दिसला. ऊन पडलं होतं, गवत कापलेलं, डोंगर कधी नव्हे तो पूर्ण दिसत होता.

विटमूरनं विसाव्या मिनिटाला गोल केला. कार्लनं हाफटाइमच्या आधी फेडला. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही उतारावरून खाली खेळत होतो आणि बॉल पंचेचाळीस मिनिटं त्यांच्याच अंगणात होता. कार्लचा एक फटका आडव्या दांड्यावर आदळून बाहेर गेला. एकदाच बॉल इकडं आला, तो आमच्या शिपाई गोलकीपरच्या हातून सुटता सुटता राहिला. शेवटी शिट्टी झाली. एक-एक. खेळाडू जागच्या जागी बसले. कॉर्नलीचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळायची एकच वाट होती. ग्लेनिस क्लबहाऊसच्या बोळकांडीतल्या फोनपाशी उभी होती. पंधरा मिनिटांच्या आत निकाल सांगायचा, तो ती सांगायला गेली होती. मी दारात जाऊन उभा राहिलो. मागं क्लिफ, त्याच्या मागं आणखी दहा-बारा जण. एप्रिलपासून एवढी माणसं तिच्या इतक्या जवळ आली नव्हती. तिनं नंबर फिरवला. क्लबचं नाव सांगितलं. रॅस्किल एक, विटमूर एक. माणसं दोनशे साठ. गोल करणाऱ्याचं नाव, स्पेलिंगसकट. पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. तिनं पेन्सिल उचलली, वहीच्या कडेला काहीतरी लिहिलं.

"बरं," ती म्हणाली. "आभारी आहे."

फोन ठेवून ती आमच्याकडं वळली.

"कॉर्नली दोन, समोरचे शून्य. आपण गेलो."

क्लिफ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. कुणीतरी बाहेर जाऊन खेळाडूंना सांगितलं. ती तिथंच टेबलाशी बसली आणि त्या दिवसाची ओळ पुरी केली. विटमूर, घरी, एक-एक, दोनशे साठ माणसं, ऊन. मी वाकून पाहिलं. खाली गेलो असं तिनं कुठं लिहिलं नव्हतं. वहीत तसा रकाना नव्हता.

जूनमध्ये क्लबची वार्षिक सभा झाली. आमच्याकडं सभेत पदं एकामागून एक वाचतात, अध्यक्ष विचारतो मागच्यासारखंच ना, आणि लोक ग्लासातून नजर न काढता हात वर करतात. अध्यक्ष मागच्यासारखाच. खजिनदार मागच्यासारखाच. सेक्रेटरी म्हणताना क्लिफ थांबला. मग त्यानं आपल्या जावयाचं नाव सुचवलं. विम्याच्या ऑफिसात आहे, त्याच्याकडं कॉम्प्युटर आहे, काळ बदलतोय, ग्लेनिसनं आयुष्यभर केलंय, आता तिला विश्रांती मिळावी. एकतीस वर्षांत या पदासाठी मतदान झालं नव्हतं. हात मोजायला कुणी पुढं येईना, म्हणून ग्लेनिसनंच मोजले. जावई चौदा, ग्लेनिस अकरा. माझा हात त्या अकरांत होता. मार्चमध्ये वर करायचा तो हात जूनमध्ये वर करून मी काही मोठा झालो नाही, पण नोंद असावी.

तिनं आकडे वाचून दाखवले आणि इतिवृत्तात लिहिले. मग पेन बंद केलं. एकतीस वह्या तिनं आधीच पेटीत भरून आणल्या होत्या. म्हणजे तिला ठाऊक होतं. लाल पुस्तक मात्र तिनं दिलं नाही, ते मी स्वतःच्या पैशानं घेतलंय, म्हणाली.

जावयानं सप्टेंबरात पहिली चूक केली, ऑक्टोबरात दुसरी. त्या कुणी कळवल्या नाहीत, कुणी विचारल्याही नाहीत. खालच्या डिव्हिजनमध्ये कुणी बघत नाही. एकदा लीगच्या नव्या फॉर्मवरून तो अडला तेव्हा शरमत शरमत तिच्या घरी गेला. तिनं त्याला परसात कबुतरांपाशी बसवून तासभर समजावलं आणि कुणाला सांगितलं नाही. हे मला त्यानंच सांगितलं.

ऑगस्टपासून ती शनिवारी चहाच्या खिडकीत उभी राहायला लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नकोही म्हटलं नाही. पाईवाल्या बायकांनी आपली किटली थोडी बाजूला सरकवली, एवढंच. हळूहळू लोक बोलायला लागले. क्लिफ अजून लागला नाही, तो बिअर पितो, त्याचं त्या खिडकीशी काम पडत नाही.

पण तिची गोष्ट लीगभर फिरली. बाहेरगावचे लोक येतात, रांगेत उभे राहतात, आणि त्यांचा नंबर आला की वाकून बघतात, तूच ना ती, असं विचारतात. मग पुढचा प्रश्न ठरलेला. कुणी विचारलं नव्हतं तर सांगितलंस कशाला? काही जण कौतुकानं विचारतात, काही जण खिजवायला. दोघांना ती एकच उत्तर देते, साखर किती. रांगेतल्या लोकांना वाटतं बाई ऐकायला कमी येणारी आहे. तिला सगळं ऐकू येतं. मी तिथंच उभा असतो, तिचा हात किटलीवर थांबलेला मी बघतो, आणि एक दिवस त्या विचारणाऱ्यांपैकी कुणाचं तरी नाक मी फोडणार आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. कधी एखाद्या शनिवारी डोंगराच्या या अंगाला आलात तर मॅच बघा, कार्ल अजून खेळतो. हाफटाइमला त्या खिडकीशी जा. करड्या कोटातली बाई दिसेल. तिला काही विचारू नका, तिला शाबास म्हणू नका, मी हे लिहिलंय तेही सांगू नका. एक चहा मागा आणि बाजूला व्हा.